इच्छेचा पुरावा

सारिका तांगडे शुद्धीवर आली तेव्हा तिच्या खाटेपाशी सगळ्यात आधी पोचला तो तिचा नवरा नव्हे, कंपनीचा एचआर अधिकारी. देवव्रत सबनीस त्याचं नाव. हातात शहाळं होतं आणि काखेत टॅब.

"ताई, आधी तब्येत सांभाळा. बाकीचं कंपनी बघेल," तो म्हणाला.

सारिकाने मान वळवून पाहिलं. तिचा उजवा हात कोपराच्या जरासा खाली संपत होता आणि तिथून पुढे नुसता पट्ट्यांचा गोळा होता. तरीही तिला बोटं जाणवत होती. तळव्याला आग लागल्यासारखं होत होतं. हात नाही हे डोळ्यांना कळत होतं, हाताला कळत नव्हतं.

सबनीसने शहाळं स्टुलावर ठेवलं आणि टॅब तिच्यासमोर धरला. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ होती, मध्येच चढून उतरलेली, शेताच्या बांधासारखी.

"ही फक्त तुमच्या माहितीसाठी. इथं बघा, प्रेसचा लाल दिवा लागला. आणि हे त्याच्या नंतरचं. ही तुमच्या मेंदूतली लहर आहे. हात आत घालायची इच्छा."

"कुणाची?"

"तुमचीच, ताई. टोपीखालच्या पट्टीने, आपल्या साथीने, नोंदवलीय ती. लाल दिवा लागल्यावर हात आत घालायचा नाही हा आपला पहिला नियम. तुम्ही घातलात."

सारिकाने डोळे मिटले. तिला तो क्षण आठवत होता. पत्र्याचा तुकडा डायच्या साच्यात तिरका अडकला, ती थांबली, आणि मग हात आत गेला. गेला? की तिने घातला? कितीही आठवून पाहिलं तरी एकच आठवत होतं. कुणी ओढलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. हात तिचा होता आणि तो गेला होता.

संध्याकाळी कैलास आला. तो त्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा, कंत्राटावर. आल्याआल्या तो खाटेच्या दांडीला धरून उभाच राहिला. पट्ट्यांकडे बघवत नव्हतं म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मीच घातला हो हात," ती म्हणाली. "मीच घातला."

*

हे सगळं २०३८ सालचं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा सुप्रभ ऑटो कंपोनंट्सचा प्रेस शॉप नावाजलेला होता. तिथे गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनत. पॉवर प्रेस हे तसं जुनं यंत्र आहे. पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, वरून ठोका पडतो आणि तुकड्याला आकार येतो. ठेवा, काढा, ठोका. दिवसभर हेच. कामगाराचा हात आणि वरून येणारं लोखंड यांची वेळ चुकली तर काय होतं हे सांगायला नको.

पूर्वी हात वाचवायला प्रेससमोर प्रकाशाचा पडदा असे. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची ती जाळी. बोटाने एक किरण तुटला तरी प्रेस जागीच थांबे. पडदा चोख काम करायचा, पण प्रेस सारखी थांबायची आणि माल कमी निघायचा.

मग 'साथी' आला. त्यामागचं विज्ञान नवं नव्हतं. आपण हात उचलायचं ठरवलं असं आपल्याला वाटतं, त्याच्या आधीच मेंदूच्या वरच्या भागात एक मंद विद्युत लहर चढू लागते. हालचालीची ती तयारी असते. शास्त्रज्ञांना ही लहर कित्येक दशकं माहीत होती. साथीच्या कर्त्यांनी ती टोपीखाली बसणाऱ्या एका हलक्या पट्टीने, गोंगाटाच्या कारखान्यातही, नेमकी पकडून दाखवली. प्रेसवरच्या बाईचा हात हलण्याच्या अर्धा सेकंद आधीच प्रेसला कळू लागलं की हात आत येतोय. मग पडद्याची गरज काय? पडदे निघाले आणि प्रेस धावू लागल्या. फक्त लाल दिवा लागून ठोका सुटला, की मग लहर कळूनही प्रेस थांबू शकत नसे.

पुढच्या वर्षी साथीला एक जोड मिळाली. मनगटाच्या वर बांधायचा पट्टा. शिफ्ट संपत आली की थकलेला हात सुरू व्हायलाच वेळ लावतो. लहर उठली, पण हात रेंगाळला, की हा पट्टा स्नायूला विजेचा अगदी बारीक टोचा द्यायचा. कंपनीच्या कागदात त्याला साहाय्य-स्पंद म्हणत. बाया म्हणत ढुशी. सुरुवातीला ढुशी कळायची, बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. नंतर कळेनाशी झाली. हात हलका चालतो एवढंच जाणवायचं. सारिकाला तर बरंच वाटायचं. पूर्वी संध्याकाळी खांदा भरून यायचा, तो आता येत नव्हता.

*

सारिका घरी आल्यावर सबनीस पुन्हा आला. यावेळी त्याच्याबरोबर कंपनीने देऊ केलेला करारही आला. कायद्याप्रमाणे नियम जाणूनबुजून मोडणाऱ्याला कंपनी काही देणं लागत नाही, पण माणुसकी म्हणून भरपाई देणार होती, तीही पूर्ण. शिवाय बोटं हलणारा कृत्रिम हात. शिवाय कैलासला कंत्राटातून काढून कायम करणार होती. बदल्यात सारिकाने एका वाक्याखाली सही करायची होती. 'सदर हालचाल मी स्वेच्छेने केली.'

"डाव्या हाताचा अंगठा चालेल," सबनीस म्हणाला. 

"मला सही येते. डाव्या हातानं पण शिकेन," सारिका म्हणाली. "विचार करून सांगते."

तो गेल्यावर कैलासने दार लोटलं आणि वळून म्हणाला, "विचार कसला करायचाय?"

"ते वाक्य."

"तूच तर म्हणाली होतीस दवाखान्यात. मीच घातला म्हणून. मग लिहून द्यायला काय जातं?"

"मी तुम्हाला म्हणाले. त्यांना नाही."

"सारिका, हात काही परत यायचा नाही. इतकी वर्षं मी तिथं कंत्राटावर घासतोय. आता ते आपणहून दाराशी आलेत. एका शब्दाचं काय घेऊन बसलीस?"

"शब्दच मागतायत ना ते? फुकट नाही मागत. एवढं सगळं देऊन मागतायत. मग त्याला किंमत असणारच की."

कैलास दार उघडून बाहेर निघून गेला. त्या दिवसापासून घरातलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'आलेच' एवढ्यावर आलं.

सही करावी असं सारिकालाही मधूनमधून वाटायचं. खोटं सांगून काय उपयोग, डाव्या हाताने भाकरी थापता येत नव्हती, वेणी घालता येत नव्हती. आणि मनात तोच काटा, की खरंच मी घातला असेल तर? तिने करार उशाशी ठेवला होता. बहुतेक तिने सहीही केली असती.

शबाना आली नसती तर. शबाना पठाण तिच्या शेजारच्या प्रेसवर असायची. डबा घेऊन आली, सारिकाच्या केसांना तेल लावून दिलं, वेणी घातली, आणि जाता जाता चपला पायात सरकवताना म्हणाली, "ताई, सांगू की नको कळत नाही. रोज शिफ्टच्या आधी मीटिंगला तुझी लहर दाखवतात."

"माझी?"

"मोठ्या स्क्रीनवर. सबनीससाहेब म्हणतात, बघा, मन थाऱ्यावर नसलं की काय होतं. घरचे विचार घरी ठेवून या म्हणतात."

"नाव घेतात?"

"नाव नाही घेत. पण हात एकीचाच गेलाय ना." शबाना उंबऱ्यात थांबली. "एके दिवशी माझा पण जात होता, ताई. तुझ्यानंतर आठवड्यानं. मी मागं ओढला म्हणून. कुणाला बोलले नाही. बोलले तर माझीच लहर दाखवतील."

ती गेल्यावर सारिकाने उशाशी ठेवलेला करार दातात धरला, डाव्या हाताने खेचला आणि मधोमध फाडला. सरळ फाटला नाही. पण फाटला.

*

वकील रुबीना इनामदार यांच्या ऑफिसात पंखा होता पण फिरत नव्हता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं? हात तुम्ही घातलात?"

सारिकाने खरं ते सांगितलं. "तसंच वाटतं मॅडम. पण घालावा असं मी ठरवलं होतं, असं नाही आठवत. तुकडा अडकला होता. तुकडा अडकला की थांबायचं, हे मला झोपेत पण माहीत आहे. मी थांबलेच होते."

"थांबला होतात, आणि तरी हात तुम्हीच घातलात?"

"हेच मला पण कळत नाही."

इनामदारबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "केस अवघड आहे. कायद्यात कंपनीला सुटायला एकच वाट आहे, की कामगाराने जाणूनबुजून नियम मोडला. आजवर हे सिद्ध करणं कंपन्यांना फार जड जायचं. माणसाच्या मनात काय होतं ते कोण दाखवणार? आता त्यांच्याकडे दाखवायला रेघ आहे. आपण हरलो तर तुमच्यानंतर प्रत्येक कामगाराला ही रेघ दाखवतील."

"आणि जिंकलो तर?"

"तर ते पहिल्यांदाच होईल."

"मग लावा," सारिका म्हणाली.

कंपनीने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. कैलासला दुसऱ्या पाळीवर टाकलं. आणि साक्षीदारांच्या यादीत त्याचं नाव घातलं, कंपनीच्या बाजूने. दवाखान्यात बायको काय म्हणाली ते त्याने शपथेवर सांगायचं होतं.

समन्स घेऊन तो घरी आला आणि चटईवर बसला. बऱ्याच दिवसांनी त्याने तिच्याकडे सरळ बघितलं.

"काय सांगणार?" तिने विचारलं.

"जे बोललीस तेच. खोटं कसं बोलू? आणि खोटं बोललो तर नोकरी जाईल, जेल होईल ते वेगळंच."

"खोटं बोलू नका. पण अर्धं पण बोलू नका."

"म्हणजे?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

*

कामगार न्यायालयात न्यायाधीश होत्या शोभा रत्नपारखी. चष्मा कपाळावर चढवून त्या माणसाकडे बघत आणि खाली ओढून कागदाकडे. कंपनीचे वकील मुळे यांनी सगळ्यात आधी डॉक्टर अमोघ केळकरांना उभं केलं. साथी त्यांनीच बनवला होता. उंच, सडपातळ माणूस, बोलताना बोटांनी हवेत रेघा काढायची सवय. त्यांनी लहर काय असते ते सोप्या भाषेत समजावलं आणि शेवटी सारिकाची रेघ पडद्यावर आणली.

"लहर आधी आली की पट्ट्याचा स्पंद आधी?" मुळेंनी विचारलं.

"लहर आधी. फरक अगदी थोडा आहे, पण लहर आधी."

"म्हणजे यंत्राने त्यांचा हात हलवला नाही."

"नाही. सुरुवात मेंदूत झाली."

मुळे खाली बसले. इनामदारबाई उठल्या.

"डॉक्टर, पट्टा नेहमी लहरीची वाट बघतो?"

केळकरांनी बोटाने हवेत एक रेघ काढली. "सुरुवातीला बघतो. नंतर त्याला त्या व्यक्तीची लय कळते. मग तो अंदाजाने, थोडा आधीही स्पंद देतो. त्यानेच वेग वाढतो."

"म्हणजे रोज, हजारो वेळा, हाताने इच्छेच्या आधी हलायचं आणि मेंदूने मागून मान डोलवायची?"

"असं अगदी…"

"मेंदूला याची सवय लागू शकते का? की ठोका ऐकला की ढुशी येणारच, म्हणून ढुशीच्या आधीच लहर उठवायची?"

"तत्त्वतः लागू शकते," केळकर सावकाश म्हणाले. "पण आमच्या प्रयोगशाळेत आम्ही तपासलं आहे. माणसाने मनात 'नको' म्हटलं की लहर उठत नाही. ती इच्छेच्या ताब्यात असते."

"त्या तपासणीतली माणसं किती दिवस प्रेसवर होती?"

"ते विद्यार्थी होते," केळकर म्हणाले. "प्रेसवर नव्हते."

मग कैलासचं नाव पुकारलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो पिंजऱ्यात उभा राहिला. सारिकाकडे त्याने बघितलं नाही.

"तुमच्या पत्नी दवाखान्यात तुम्हाला काय म्हणाल्या?" मुळेंनी विचारलं.

"म्हणाली, मीच घातला हात."

"एकदाच?"

"दोनदा."

"बस, एवढंच."

"मला अजून सांगायचंय," कैलास म्हणाला.

"विचारलं तेवढंच सांगा."

"मॅडम," कैलास थेट न्यायाधीशांकडे वळला, "शपथेत सगळं खरं सांगीन असं म्हणवून घेतलंय माझ्याकडून. सगळं म्हणजे सगळं ना?"

रत्नपारखींनी चष्मा वर केला. "सांगा."

"आमच्या शेजारी ग्रिलवाल्याचं वर्कशॉप आहे. त्याचा हातोडा एका लयीत पडायला लागला की हिचा खांदा पुढं जातो. जेवत असली तरी. पोरीसारखी हसत असली तरी. म्हणते, नसलेला हात आपोआप पुढं जातोय, धरून ठेवा. मी थोटका हात धरून बसतो, तरी माझ्या मुठीत तो उड्या मारतो." त्याने मूठ आवळून दाखवली. "ती म्हणाली मीच घातला. खरं आहे ते. पण मी जे धरून बसतो, ते ती करत नाही. एवढं मला कळतं."

कोर्टात कुणीतरी खाकरलं. मुळे हसत उठले. "घरातल्या गोष्टी भावनेच्या असतात. आपण विज्ञानाने बघू. साथी इथेच आहे. बाईंना पट्टी बांधा, प्रेसचे ठोके ऐकवा. त्यांनी मनात 'नको' म्हणावं. केळकरांचं म्हणणं खरं असेल तर रेघ सपाट राहील. मग साथी मनातली इच्छा बरोबर ओळखतो हे मान्य करावं."

इनामदारबाई झुकून सारिकाच्या कानाशी आल्या. "नाही म्हणू या. सहा महिने झालेत. सवय विरली असली तर रेघ सपाट राहील आणि आपली केस तिथेच संपेल. घरी खांदा हलतो म्हणजे इथे लहर उठेलच असं नाही."

सारिकाने समोर पाहिलं. सबनीस मागच्या बाकावर मोबाइल बघत बसला होता. रोज सकाळी मोठ्या स्क्रीनवर तिची रेघ लावणारा हाच.

"बांधा म्हणावं," ती म्हणाली.

"सारिका, ऐका…"

"माझ्या डोक्यात काय आहे ते सगळे बघतायत, मॅडम. मलाच बघू दिलेलं नाही. मला पण बघायचंय."

*

केळकरांनी स्वतः तिच्या कपाळावर पट्टी बसवली. त्यांची बोटं थंड होती. हाताचा पट्टा नव्हता, बांधायला जागाच नव्हती. पडद्यावर हिरवी रेघ उमटली आणि खाली एक चौकोन. त्यात साथी आपला निर्णय लिहायचा.

"ठोके सुरू झाले की हात हलवायचा नाही, हलवायचा विचारही करायचा नाही," केळकर म्हणाले. "जमलं तर मोठ्याने 'नाही' म्हणा."

स्पीकरमधून प्रेसचा आवाज आला. ठेवा, काढा, ठोका. सारिकाच्या नाकात तेलाचा वास भरला, जो तिथे नव्हता. 

"नाही," ती म्हणाली.

रेघ सपाट होती. ठोका पडला. पुन्हा ठोका.

"नाही."

सपाट. मुळेंनी इनामदारबाईंकडे पाहिलं. सारिकाने थोटका डाव्या हाताने पोटाशी आवळून धरला. आता हरलो, असं तिला वाटलं. आणि मग तिला जाणवलं की तळवा गरम होतोय. बोटं उघडतायत. नसलेला हात टेबलावरून पत्र्याचा नसलेला तुकडा उचलतोय.

"नाही!"

रेघ चढली. बांधासारखी चढली आणि उतरली. चौकोनात अक्षरं आली. 'हात पुढे नेण्याची इच्छा: होय.'

"नाही," सारिका म्हणाली.

होय.

"नाही. नाही म्हणते ना!"

होय. होय. प्रत्येक ठोक्याच्या जरा आधी रेघ उठत होती, आणि बाई ओरडत होती नाही, आणि यंत्र लिहीत होतं होय. शेवटी रत्नपारखींनी हात वर केला. केळकरांनी आवाज बंद केला. आवाज थांबल्यावरही दोनदा रेघ चढली आणि मग हळूहळू निवली.

मुळे उठले, पण त्यांच्या आवाजात आता पहिलं बळ नव्हतं. "न्यायाधीश महोदया, यावरून हेच दिसतं की बाईंच्या मनात आजही हात आत घालायचीच…"

"हात कुठंय?" सारिका म्हणाली.

ती उभी राहिली होती. कपाळाची पट्टी तिने ओढून काढली.

"तुम्ही सांगा ना साहेब, हात कुठंय? प्रेस कुठंय? मी तोंडानं नाही म्हणतेय, मनात नाही म्हणतेय, जिवाच्या आकांतानं नाही म्हणतेय. तरी तुमचं यंत्र म्हणतंय हिला घालायचाय. मी काय घालू? कशात घालू? ही इच्छा माझी असेल तर माझ्या डोक्यात ती कुणी आणून ठेवली? मी तर कामाला आले होते. हात घेऊन आले होते."

न्यायाधीशांनी केळकरांकडे पाहिलं. "डॉक्टर, तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

केळकर पडद्याकडे बघत होते. लहर निवली होती, तरी बघत होते.

"लहर त्यांच्याच मेंदूतली आहे," ते म्हणाले. "पण ती त्यांची इच्छा आहे असं मी यापुढे म्हणणार नाही. आम्हीच ती शिकवली असावी. रोज थोडी थोडी."

"आणि आज ज्या बाया तिथे कामावर आहेत?"

"त्यांनाही," केळकर म्हणाले. "त्यांनाही शिकवतोय."

*

निकाल लांबलचक होता, पण त्यातलं एक वाक्य पुढे बऱ्याच ठिकाणी वाचून दाखवलं गेलं. मेंदूतली लहर हा शरीराचा पुरावा आहे, मनाचा नव्हे, आणि माणसाला काय हवं होतं हे आधी त्या माणसाला विचारलं पाहिजे. भरपाई पूर्ण मिळाली, व्याजासकट. हाताचे पट्टे थांबवले. प्रकाशाचे पडदे पुन्हा बसवायचे आणि कामगारांनी निवडलेल्या व्यक्तीने ते रोज तपासायचे, असा आदेश झाला. कंपनी वरच्या कोर्टात गेली आहे. ते अजून चालू आहे.

कैलास कायम झाला नाही. उलट त्याचं कंत्राट त्या वर्षी उशिरानेच वाढलं. त्याबद्दल तो एकदाही सारिकाला बोलला नाही. ग्रिलवाल्याचा हातोडा सुरू झाला की तो अजूनही येऊन शेजारी बसतो आणि थोटका धरतो. आता पूर्वीइतका उडत नाही.

कृत्रिम हात बसवायला ती पुण्याला गेली. बसवणारी मुलगी हुशार होती, चटपटीत. "यात एक मस्त सोय आहे," ती म्हणाली. "तुम्हाला काय करायचंय ते हात शिकत जातो आणि तुमच्या आधीच तयार होतो. चालू करू?"

"नको."

"मावशी, त्याशिवाय फार हळू चालेल. बोट मिटायलासुद्धा वेळ लागेल."

"लागू दे," सारिका म्हणाली. "मी सांगितल्यावर हलला पाहिजे. आधी नाही." 

मुलीने सोय बंद केली. खरंच हात फार हळू चालायचा. परतीच्या बसमध्ये तिकीट धरता धरता तीनदा खाली पडलं. शेजारच्या बाईने उचलून द्यायला हात पुढे केला. सारिकाने मानेनेच नको म्हटलं आणि चौथ्यांदा स्वतः उचललं.

सोमवारी पहिल्या पाळीला ती कंपनीच्या गेटवर उभी राहिली. वॉचमनने तिला ओळखलं आणि काय करावं ते न कळून आत फोन केला. सबनीस बाहेर आला. तिचा नवा हात बघून त्याने घाईने नजर काढून घेतली.

"ताई, तुम्ही कशाला आलात? भरपाई जमा झाली ना सगळी?"

"झाली. ती हाताची होती. नोकरी कुठं विकली मी?"

"पण तुम्ही आता प्रेस कशी चालवणार?"

"प्रेस नाही चालवणार. पडदे तपासणार. बायांनी माझं नाव दिलंय, तुमच्याकडे कागद आला असेल."

सबनीसकडे कागद आला होता. तो बाजूला झाला नाही, पण त्याने तिला अडवलंही नाही. सारिका त्याच्या अंगावरून आत गेली.

शॉपमध्ये तोच तेलाचा वास होता आणि तोच ठोका. तो ऐकल्याबरोबर खांद्यात एक कळ उठली. ती थांबली, खांद्याला पुरेसा वेळ दिला, आणि मग चालू लागली. पहिल्या ओळीत शबाना होती. तिच्या प्रेसच्या दोन्ही बाजूंना किरणांचे नवे खांब बसवले होते. शबानाने तिला पाहिलं, तोंड उघडलं, पण सारिकाने बोट ओठांवर ठेवून तिला काम चालू ठेवायला सांगितलं.

वरचं लोखंड खाली निघालं. सारिकाने पुण्याहून आणलेला हात उचलला, सावकाश, पाची बोटं पसरून, आणि सरळ पडद्यात घातला.

प्रेस थांबली. हवेतच, बोटांपासून वीतभर वर.

आजूबाजूच्या बाया वळून बघायला लागल्या. सारिकाने हात बाहेर काढला, उलटसुलट करून बघितला.

"चालतोय," ती म्हणाली. "चालू कर." आणि ती पुढच्या प्रेसकडे गेली.